चित्रांतले सुष्ट-दुष्टांचे युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र पाहताच नायक कोण आणि खल कोण हे इतक्या पटकन कसे कळते?

चेहऱ्यावरून कळते असे आपल्याला वाटते. खरे तर ते आधी तोलावरून कळते. नायक उडीत असो, घोड्यावर असो किंवा एका पायावर उभा असो, त्याच्या अंगाचा मध्य ढळलेला नसतो. खलाचा ढळलेला असतो. राफाएलने 1518 मध्ये रंगवलेला संत मायकेल, म्हणजे ख्रिस्ती कथांतला योद्धा देवदूत, पाहा (हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे). पालथ्या पडलेल्या सैतानावर त्याचे पाऊल जेमतेम टेकलेले आहे, तरी तो पडेल अशी शंकाही येत नाही. खाली सैतान मात्र चारही बाजूंनी आधार शोधतो आहे.

तोलानंतर उंची येते, म्हणजे वर कोण आणि खाली कोण. मग उजेड कोणावर पडला आहे ते. शिंगे, सुळे आणि डोळ्यांचे निखारे सगळ्यात शेवटी. खात्री करायची असेल तर चित्राचा फोटो काढा, कृष्णधवल करा आणि उलटा धरा. तरीही बाजू ओळखता आल्या, तर रचना पक्की आहे. फक्त सुळ्यांवरून ओळखता येत असतील तर ती कच्ची आहे.

नायकाचा चेहरा इतका शांत का असतो? लढताना कोणी असे दिसते का?

दिसत नाही, आणि चित्रकारालाही ते ठाऊक असते. शांत चेहरा म्हणजे निकाल आधीच लागला आहे हे सांगण्याची रीत.

दुर्गासप्तशतीच्या चौथ्या अध्यायात देव देवीची स्तुती करतात. तिथे हा प्रश्न थेट आला आहे. मंद हसणारे, पूर्णचंद्रासारखे हे मुख पाहूनही महिषासुराने रागाने प्रहार केला, याचे देवांना नवल वाटते. लगेच पुढच्या श्लोकात उलट बाजू येते: भुवया चढलेले, उगवत्या चंद्रासारखे लालसर झालेले तेच मुख पाहून महिषाने तत्काळ प्राण सोडले नाहीत, हेही नवलच. म्हणजे ग्रंथात दोन्ही चेहरे आहेत. बहुतेक चित्रकार पहिला उचलतात. सतराव्या शतकात ग्विदो रेनीने रोममधल्या एका चर्चसाठी रेशमी कापडावर रंगवलेला मायकेलही याच वाटेने जातो: एका हातात तलवार, दुसऱ्यात साखळदंड, पायाखाली सैतान आणि चेहऱ्यावर एक आठी नाही.

शांत चेहऱ्यात धोका एकच, तो बाहुलीचा होतो. त्यावर उपाय म्हणजे राग चेहऱ्यातून काढून शरीरात घालणे. मुठीवरची पांढरी पडलेली पेरे, जमिनीत रुतलेली पायाची बोटे, झटक्याने मागे गेलेला पदर. चेहरा शांत आणि हातही सैल असेल, तर नायक भाला टोचत नसून नुसता धरून उभा आहे असे वाटते.

अपवाद हवा असेल तर आर्तेमिझिया जेंतिलेस्कीची ज्युडिथ पाहा, म्हणजे शत्रुसेनापती होलोफर्निसचे मुंडके छाटणारी बायबलच्या कथेतली स्त्री. हे चित्र तिने दोनदा रंगवले: 1612-13 च्या सुमाराचे नेपल्समध्ये आहे आणि 1620 च्या सुमाराचे फ्लोरेन्समध्ये. ज्युडिथच्या बाह्या वर सरकवलेल्या आहेत, भुवया आक्रसल्या आहेत आणि रक्त अंगावर येऊ नये म्हणून धड मागे कललेले आहे. दासी होलोफर्निसला दाबून धरते आहे. एवढ्या धिप्पाड माणसाला मारायला दोघींचे बळ लागते, हे चित्र लपवत नाही. आमच्या मते या विषयावरच्या युरोपीय चित्रांत याच्या तोडीचे फार थोडे आहे.

खलाला प्राण्यांचे अवयव का जोडतात?

मिसळ झालेले शरीर पाहणाऱ्याला अस्वस्थ करते म्हणून. नुसता वाघ भीतिदायक असतो, पण दुष्ट वाटत नाही. माणसाच्या धडावर त्याचे तोंड आले की वाटतो.

ब्रुएगेलच्या 1562 सालच्या ‘बंडखोर देवदूतांचे पतन’ या चित्रात हे पायरीपायरीने दिसते. ओकच्या फळीवरचे हे तैलचित्र ब्रुसेल्समध्ये आहे, आकार 117 × 162 सेंमी. वरच्या लख्ख गोलातून देवदूत खाली कोसळतात आणि जसजसे खाली येतात तसतसे त्यांचे मासे, बेडूक, किडे होत जातात. एका बेडकासारख्या प्राण्याने स्वतःचेच पोट फाडून आतली अंडी उघडी टाकली आहेत. या गर्दीच्या मधोमध सोनेरी चिलखतातला मायकेल काडीसारखा बारीक आहे. त्याचे बळ आकारात नाही, नीटनेटकेपणात आहे.

आपल्याकडे मेवाडच्या चित्रांत रावणाच्या दहा तोंडांवर एक गाढवाचे डोके असते. शाहनाम्याच्या (फिरदौसीच्या फारसी महाकाव्याच्या) चित्रांतले ‘दीव’ म्हणजे राक्षस शिंगवाले, ठिपकेदार कातडीचे असतात, पण हातापायांत सोन्याची कडी घालतात. दागिने घातलेला राक्षस हा मोठा बारकावा आहे. तो जंगली नाही, माजलेला आहे, एवढे त्यातून कळते.

बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती) चित्रांत सैतान नेहमी बाजूनेच का दिसतो?

समोरून काढलेला चेहरा पाहणाऱ्याशी नजर मिळवतो. तो मान संतांचा. सैतानाला आणि येशूला दगा देणाऱ्या यहूदाला तो मिळत नाही, म्हणून त्यांचा एकच डोळा दिसतो. भारतीय लघुचित्रांना मात्र हा नियम लावू नका. तिथे राम, राजा, सेवक सगळेच एकचष्मी, म्हणजे बाजूने काढलेले, असतात.

काळा म्हणजे वाईट, पांढरा म्हणजे चांगला, असे रंग ठरलेले असतात का?

नाही. कालीच काळी आहे, राम-कृष्ण सावळे आहेत. उलट शाहनाम्यात वीर रुस्तम गुहेत शिरून ज्याला मारतो तो दीव पांढरा आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती चित्रांत अजगर मारणाऱ्या संत जॉर्जचा घोडा बहुधा पांढरा असतो, पण नोवगोरोदच्या पंधराव्या शतकातल्या प्रसिद्ध चित्रात त्याच्यामागचे सगळे आभाळ लालभडक आहे. तो लाल रंग हिंसेचा नसून तेजाचा आहे.

रंगापेक्षा रंगातला फरक महत्त्वाचा. नायकाचा रंग चित्रात दुसरीकडे कुठे फारसा नसावा. रामाची निळाई वानरांच्या वस्त्रांत, डोंगरात आणि नदीतही वाटली, तर राम हरवतो.

देवीचे आठ, दहा, अठरा हात काढताना खांद्यांचा गोंधळ होतो. कसे जमवावे?

आधी दोनच हातांची देवी पूर्ण काढा. मारणारा हात आणि त्याचा जोडीदार, खांदा-कोपर-मनगट नीट. हे दोन हात पुढच्या थरातले. बाकीचे सगळे त्यांच्या मागून, एकाच खांद्यातून पंख्यासारखे पसरतात. मागच्या हातांचे खांदे काढायचेच नाहीत, ते केस, हार किंवा वस्त्राखाली जातात. कोपरे एका अर्धवर्तुळावर आणि तळवे त्याबाहेरच्या दुसऱ्या अर्धवर्तुळावर येतील असे बघा. कोपरांचे वर्तुळ खांद्यापासून साधारण दीड डोक्याइतके (एक डोके म्हणजे त्याच आकृतीच्या डोक्याची उंची) आणि तळव्यांचे अडीच ते पावणेतीन डोक्यांइतके दूर ठेवले की हात आखूड दिसत नाहीत.

दोन हातांमधला कोन सारखा ठेवला की चक्राच्या आऱ्या दिसतात, म्हणून मारणाऱ्या हाताशेजारी जागा मोकळी सोडा. आयुधे मनाने वाटू नका. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणी काय दिले ते आहे: शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र आणि घंटा, हिमालयाने सिंह. घंटा बहुतेकांची राहून जाते.

युद्धातला नेमका कोणता क्षण निवडावा?

सगळ्यात जास्त चित्रे ठार मारण्याचा क्षण पकडतात, आणि सगळ्यात जास्त फसतातही तीच. तो क्षण सोपा वाटतो, पण त्यात पुढे काय होणार याची उत्सुकता उरत नाही.

महाबलीपुरमचे सातव्या शतकातले महिषासुरमर्दिनीचे शिल्प या बाबतीत चित्रकारांनी पाठ करावे असे आहे. डावीकडून सिंहावर बसलेली देवी धनुष्य ताणून येते आहे. उजवीकडे महिष तिच्यापेक्षा धिप्पाड, हातात गदा, अजून पडलेला नाही. पण त्याचे अंग मागे रेलले आहे आणि त्याचे सैनिक मागे सरताहेत. निकाल लागलेला नाही, तरी कळतो.

दुसरे टोक म्हणजे युद्ध संपल्यानंतरचे चित्र. काराव्हाज्जोचा डेव्हिड (1610 च्या सुमाराचा, रोमच्या बोर्गेझे संग्रहात) बायबलच्या कथेतल्या धिप्पाड गोलिएथचे मुंडके केसांनी धरून उभा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर विजय नाही, खिन्नता आहे. ते मुंडके चित्रकाराने स्वतःच्या चेहऱ्यावरून रंगवले आहे. दुष्टाच्या जागी स्वतःला बसवणारे इतके उघड चित्र विरळाच.

काही चित्रे दोन क्षण जोडतात. उच्चेल्लोच्या 1470 च्या सुमाराच्या चित्रात (लंडन, नॅशनल गॅलरी) जॉर्जचा भाला अजगराला भोसकतो आहे आणि त्याच वेळी राजकन्येने त्या अजगराला पट्ट्याने बांधून धरलेही आहे. कथेत हे एकामागून एक घडते. जॉर्जच्या मागे आभाळात वादळाचा भोवरा आहे आणि भाल्याची रेषा तिथूनच निघाल्यासारखी दिसते. देव कोणत्या बाजूला, हे त्या भोवऱ्याने सांगितले आहे.

नरसिंहाच्या चित्रात काय चुकते?

वराच्या अटी. हिरण्यकशिपूला घरात ना बाहेर, दिवसा ना रात्री, जमिनीवर ना आकाशात, माणसाकडून ना पशूकडून, शस्त्राने मरण नव्हते. म्हणून उंबरठा दिसायला हवा, आभाळ संधिकाळचे हवे, तो मांडीवर हवा आणि हातात शस्त्र नको, नखे हवीत. मागे भरदुपारचे निळे आभाळ असलेली चित्रे सर्रास दिसतात. चित्र कितीही जोरकस असो, त्या आभाळाने कथा तिथेच मोडते. खांब दुभंगलेला दाखवायचा असेल तर चीर वरून खाली न्या, आडवी नको. आडवी चीर बांधकाम कोसळल्यासारखी दिसते.

एकाच चित्रात तोच योद्धा चार वेळा का दिसतो?

कारण चित्र एका क्षणाचे नसते, अख्ख्या प्रसंगाचे असते. मेवाडच्या जगतसिंहासाठी 1649 ते 1653 मध्ये झालेल्या रामायणातले युद्धकांड साहिबदीनने रंगवले. त्यात एकाच पानावर तेच पात्र जागे होते, निघते, लढते आणि पडते. वाचण्याचा क्रम नेहमी डावीकडून उजवीकडे असेलच असे नाही. आधी पडलेला देह शोधा आणि तिथून उलटे मागे जा. कपडे व मुकुट बदलत नाहीत, त्यामुळे माग लागतो.

हिमाचलातल्या गुलेरचा चित्रकार मानकू याची 1725 च्या सुमाराची लंकेच्या वेढ्याची चित्रमालिका अशीच, पण पाने खूप मोठी, जवळपास 60 × 80 सेंमी. मालिका अपुरी राहिली आणि काही पाने नुसत्या रेखाटनावर थांबली. शिकणाऱ्याला पुरी झालेल्या पानांइतकीच ही अपुरी पानेही उपयोगी आहेत: गर्दी आधी रेषेत कशी बसवली जाते ते त्यांत उघडे दिसते.

जुन्या लघुचित्रांत तलवारी काळ्या का?

त्या काळ्या रंगवलेल्या नाहीत. तिथे चांदीचा रंग होता. हवेतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. नदी, तळी, चिलखते यांचेही तेच. सोने तसेच राहते, म्हणून मुठी चमकतात आणि पाती काळवंडतात. नक्कल करताना ती काळी पाती तशीच उचलू नका, मूळ चित्रात लढाई चकाकत होती. हिरव्या भागाभोवती कागद तपकिरी होऊन फाटलेला दिसला तर ते बहुधा जंगालाचे काम, हा तांब्याचा हिरवा कागद खातो.

जम्मूकडच्या बसोलीच्या सुरुवातीच्या चित्रांत देवीच्या दागिन्यांतले पाचू भुंग्यांच्या चकचकीत पंखकवचांचे तुकडे चिकटवून केलेले आहेत. ते अजून झगमगतात.

विभीषण राक्षस, पण रामाच्या बाजूचा. त्याला कसे दाखवतात?

चेहरा राक्षसाचा, हात जोडलेले, अंग वाकलेले. कूळ चेहऱ्यात आणि पक्ष देहबोलीत. कालियाच्या चित्रातही असेच पाहा: कृष्ण फण्यांवर नाचतो आहे आणि नागपत्नी हात जोडून उभ्या आहेत. तिथे खल मरत नाही, डोह सोडून जातो. त्यामुळे कालियाचा चेहरा फार भेसूर केला तर त्या विनवणीला अर्थ उरत नाही.

शत्रू दिसतच नाही अशी युद्धचित्रे या प्रकारात धरायची का?

धरायची. फ्रेंच सैनिकांनी माद्रिदमध्ये 1808 च्या 3 मेला केलेल्या गोळीबाराचे चित्र गोयाने 1814 मध्ये रंगवले. त्यात सैनिकांचे चेहरेच नाहीत, नुसत्या पाठी आणि एका रेषेत बंदुका. समोर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात फैलावून गुडघ्यांवर आहे. तो उभा राहिला तर सगळ्यांपेक्षा उंच भरेल. उजेड जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाचा. स्पेनमधल्या गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्याचे पिकासोचे 1937 सालचे चित्र ‘गेर्निका’, त्यात तर बॉम्ब टाकणारे विमानही नाही. नायकही नाही. जुन्या चित्रांतली शिंगे-सुळे इथे लागतच नाहीत, कारण चेहरा नसणे हेच दुष्टपणाचे रूप झाले आहे.

स्वतः असे चित्र काढायचे आहे. सुरुवात कुठून करू?

शस्त्रापासून. माणसापासून नव्हे.

40 × 50 सेंमीचा कागद धरू. त्याआधी त्याच प्रमाणात 8 × 10 सेंमीचे निदान सहा चौकोन आखा. प्रत्येकात पट्टीने एकच रेषा मारा: भाला, त्रिशूळ किंवा तलवार. आडव्याशी 30 ते 50 अंशांचा कोन सगळ्यात जोरकस दिसतो. 15 च्या खाली गेला तर शस्त्र विसावलेले वाटते, 75 च्या वर झेंड्याची काठी. रेषेचे वरचे टोक नायकाच्या मुठीकडे आणि खालचे खलाच्या छातीकडे. मग त्या रेषेवर दोन आकृत्या काडीच्या माणसांसारख्या लटकवा.

त्यानंतर तीनच छटा: गडद, मध्यम, उजळ. साधारण सहा भाग मध्यम, तीन भाग गडद आणि एक भाग उजळ. तो उजळ भाग शस्त्र आणि खलाचे शरीर जिथे भेटतात तिथे किंवा नायकाच्या चेहऱ्यावर ठेवा. दोन्हीकडे सारखाच दिला तर नजर मधे अडकते. सहांतले एक निवडा आणि मगच मोठ्या कागदाकडे वळा.

प्रमाण. खऱ्या माणसाची उंची सुमारे साडेसात डोकी, पण नायकाला आठ ते साडेआठ द्या. जुन्या शास्त्रातही हे आहे: विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्र या भागात पुरुषांचे पाच प्रकार आहेत, सर्वांत उंच ‘हंस’ 108 अंगुळांचा, सर्वांत बुटका ‘शशक’ 90 अंगुळांचा. खल मोठा दाखवायचा तर त्याला उंच करू नका, रुंद करा: मान जवळपास नाहीशी, डोके मोठे, एकूण सहा डोकी. उंच आणि सडपातळ खल नकळत राजबिंडा होतो.

रंग लावताना मागून पुढे या: आभाळ, जमीन, खल, मग नायक, सर्वांत शेवटी शस्त्राची धार. पोस्टर रंगाचा प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर खालचा गडद रंग वर येऊन नायकाचे अंग मळकट होते. रक्त सगळ्यात शेवटी आणि जेवढे वाटते त्याच्या निम्मे. नायकाचा शेला लाल असेल तर रक्त तपकिरीकडे झुकणारे घ्या. दोन्ही लाल सारखेच झाले तर नायकच जखमी दिसतो.

सगळे केले, तरी चित्र निर्जीव का दिसते?

चार कारणे नेहमीची. शस्त्राची रेषा मुठीच्या आत शिरताना आणि बाहेर पडताना वेगळ्या वाटेने जाते, म्हणजे भाला वाकतो. मूठ नंतर काढल्यामुळे हे होते. दुसरे, दोघांच्या बाह्यरेषा एकमेकींना नुसत्या चिकटतात. एक आकार दुसऱ्यावर स्पष्ट चढायला तरी हवा किंवा दूर तरी. तिसरे, नायक खलाकडे न बघता प्रेक्षकाकडे बघतो. देवीच्या पूजेच्या चित्रात ते चालते, कारण तिथे दर्शन महत्त्वाचे. प्रसंगचित्रात नाही. चौथे, शस्त्राचे टोक कागदाच्या कडेला टेकते. कडेपासून निदान तीन सेंमी अलीकडे थांबवा किंवा सरळ बाहेर जाऊ द्या.

रक्तबीजासारख्या प्रसंगात आणखी एक अडचण येते. जमिनीवर पडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा असुर उभा राहतो, आणि ते सगळे सारखे काढायचे तर चित्र ठसेछापीचे होते. मूळचा एकच नीट रंगवा, बाकीचे मागे जातील तसे लहान, फिकट आणि अर्धवट ठेवा. कालीची जीभ जमिनीच्या वर, थेंब पडण्याआधी झेलणारी हवी. ती नुसती बाहेर काढलेली असेल तर प्रसंगच कळत नाही.

घरात युद्धाची चित्रे लावू नयेत म्हणतात. याला आधार आहे का?

आधार आहे. चित्रसूत्र घरासाठी शृंगार, हास्य आणि शांत हे तीनच रस सांगते. युद्ध आणि स्मशान घराबाहेर ठेवायला सांगते. राजसभेत आणि देवळात मात्र सगळे रस चालतात. ही जागेनुसार केलेली विभागणी आहे, भिंतीवरच्या चित्राने घरात भांडणे होतात असे तिथे म्हटलेले नाही.

मूळ चित्रे पाहणे शक्य नाही. पडद्यावर पाहून अभ्यास होतो का?

होतो, पण आकाराचा अंदाज पार बिघडतो. पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची. वॉशिंग्टनमधला राफाएलचा संत जॉर्ज फक्त 28.5 × 21.5 सेंमीचा आहे, वहीच्या पानाएवढा. अकबरासाठी 1562 ते 1577 च्या सुमारास कापडावर झालेल्या हम्झानाम्याचे (वीर हम्झाच्या साहसकथांच्या चित्रग्रंथाचे) एकेक पान साधारण 67 × 50 सेंमीचे, मागच्या बाजूला मजकूर. ‘गेर्निका’ 349 × 776 सेंमी. अभ्यासाला घेतलेल्या चित्राचे माप आधी शोधा आणि खडूने तेवढा चौकोन भिंतीवर आखा. मग पडद्यावरचा बारकावा त्या चौकोनात किती मोठा पडेल ते मोजून पाहा. राफाएलच्या भाल्याचे टोक तांदळाच्या दाण्याहून लहान निघेल. गेर्निकातला घोडा पाहायला मात्र तीन-चार पावले मागे सरकावे लागेल.